सहा फूट, तरी बुटका

गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत एका गृहस्थांनी मला अगदी आपुलकीनं सल्ला दिला. माझी तेरा वर्षांची मुलगी आइस हॉकीत गोली आहे, म्हणजे गोलरक्षक, हे त्यांना ठाऊक होतं. "ताई, तिला वेळीच डिफेन्सला हलवा. हात चांगले आहेत तिचे, पण उंची नाही. बुटक्या गोलींचे दिवस गेले." मी कॅलगरी फ्लेम्सच्या गोलीचं, डस्टिन वुल्फचं नाव घेतलं. ते म्हणाले, "तो अपवाद. अपवाद बघून मुलांचं ठरवायचं नसतं." तेवढ्यात रांग पुढे सरकली, ताटं वाढली गेली, आणि माझं उत्तर राहून गेलं. ते गृहस्थ वीस वर्षं हॉकी बघतात. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. शिवाय ते जे बोलले तेच मी इथे कॅलगरीच्या कितीतरी रिंकांवर, कितीतरी तोंडून ऐकलं आहे. म्हणून उत्तर नीट, सविस्तर द्यायला हवं.

आधी हा बुटका किती बुटका ते सांगते. डस्टिन वुल्फची नोंदलेली उंची सहा फूट आहे. आमच्या कोकणातल्या घरी तो आला तर माजघराच्या दारात त्याला वाकावं लागेल. पण नॅशनल हॉकी लीगमध्ये, एनएचएलमध्ये, गोलींची सरासरी उंची आता सहा फूट तीन इंचांच्या आसपास आहे. सहा चार, सहा पाच हे नेहमीचे आकडे झालेत. त्यामुळे सहा फुटांचा मुलगा तिथे लहानखुरा ठरतो.

वुल्फ कॅलिफोर्नियातल्या गिलरॉयचा. लसणासाठी नावाजलेलं गाव, जिथे तळ्यावर बर्फ धरण्याचा प्रश्नच येत नाही. तिथून तो वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटच्या संघात, वेस्टर्न हॉकी लीग या ज्युनियर लीगमध्ये आला. २०१८-१९ च्या मोसमात त्यानं ४१ सामने जिंकले. त्याची सेव्हची सरासरी होती ०.९३६. दर शंभर फटक्यांतले त्र्याण्णवांहून जास्त अडवले, आणि सामन्यामागे दोनसुद्धा गोल जाऊ दिले नाहीत. वय सतरा. जून २०१९ मध्ये व्हँकुव्हरला ड्राफ्ट झाला. त्यात एनएचएलचे संघ पाळीपाळीनं तरुण खेळाडू निवडतात. सात फेऱ्यांमध्ये २१७ जणांची नावं पुकारली गेली. वुल्फचं नाव २१४ वं होतं. कॅलगरी फ्लेम्सनी ते घेतलं, आणि त्यानंतर फक्त तीन नावं उरली होती.

त्या दोन दिवसांत २१३ वेळा कोणीतरी वुल्फला सोडून दुसरं नाव घेतलं. ज्यांनी सोडलं त्यांच्यासमोर त्याचे आकडे होते, त्याच्या सामन्यांच्या फिती होत्या. हाच मोसम सहा फूट चार इंचांच्या मुलानं खेळला असता, तर तो पहिल्या दोन फेऱ्यांत गेला असता असं मी ठामपणे म्हणते. त्या गृहस्थांनी याला नाही म्हणून दाखवावं.

मग सुरू झालं "वरच्या पायरीवर कळेल". ज्युनियरला ठीक आहे, पण मोठ्यांच्या फटक्यांसमोर कळेल. त्यानंतरच्या दोन्ही वर्षी तो त्या ज्युनियर लीगचा सर्वोत्तम गोली ठरला. अमेरिकन हॉकी लीग ही एनएचएलच्या खालची पायरी. तिथे तो पहिल्याच पूर्ण मोसमात सर्वोत्तम गोली ठरला. पुढच्या मोसमात, २०२२-२३ मध्ये, ४२ सामने जिंकून पुन्हा सर्वोत्तम गोली ठरला आणि शिवाय संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडूही. त्याचा संघ, रँगलर्स, त्या वर्षी कॅलगरीतच, फ्लेम्सच्या सॅडलडोममध्ये खेळत होता. तिकिटं परवडणारी होती आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. मुलगी आणि मी गोलच्या मागे काचेला नाक लावून बसायचो. तिनं गोली व्हायचं तिथे ठरवलं.

एप्रिल २०२३ मध्ये वुल्फ एनएचएलचा पहिला सामना खेळला आणि जिंकला. पुढच्या मोसमात अधूनमधून मिळालेल्या सतरा सामन्यांत मात्र तो अडखळला, सेव्हची सरासरी ०.९०० च्याही खाली गेली. "बघा, आम्ही म्हणत होतो." त्याच्या पुढच्या मोसमात, २०२४-२५ मध्ये, तो ५३ सामने खेळला, २९ जिंकला आणि सरासरी ०.९१० ठेवली. लीगची सरासरी तेव्हा ०.९०० च्या आसपास होती. गोल करताना चाचपडणाऱ्या संघाला त्यानं ९६ गुणांपर्यंत ओढत नेलं. नवोदितांसाठीच्या कॅल्डर पुरस्काराच्या शेवटच्या तिघांत तो होता. तो पुरस्कार मिळाला लेन हटसनला, मॉन्ट्रियलच्या पाच फूट नऊ इंचांच्या बचावपटूला, ज्याला दुसऱ्या फेरीपर्यंत कोणी हात लावला नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्लेम्सनी वुल्फशी सात वर्षांचा करार केला, वर्षाला सरासरी ७५ लाख डॉलर.

आता "अपवाद" या शब्दाकडे येते. तो शब्द उच्चारला की वाद संपला असं समजतात, म्हणून मला तो डाचतो.

एखाद्यानं मोठ्या भोकांची चाळण घेतली, लहान दाणे खाली सांडून दिले, आणि वर राहिलेल्या दाण्यांकडे बोट दाखवून म्हटलं की या शेतात मोठेच दाणे पिकतात, तर आपण त्याला काय म्हणू? गोलींच्या बाबतीत हेच चाललं आहे. तेराव्या वर्षी उंची बघून वरच्या संघात घ्यायचं, सतराव्या वर्षी उंची बघून ड्राफ्टच्या यादीत नाव घालायचं, आणि पंचविसाव्या वर्षी म्हणायचं, बघा, यशस्वी गोली सगळे उंच! उंच मुलांना मधली दहा वर्षं प्रशिक्षक मिळाले, सराव मिळाला, वाईट महिन्यानंतर दुसरी संधी मिळाली. बुटक्याला एका वाईट महिन्यात घरी पाठवलं.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि तिच्यावर मला त्या गृहस्थांचं उत्तर हवं आहे. दार सगळ्यांना सारखंच उघडं असतं, तर आत आलेले बुटके गोली कसे निघाले असते? काही चांगले, काही सामान्य, काही सुमार, जसे उंच निघतात तसेच. पण प्रत्यक्षात काय दिसतं? टिम थॉमस, पाच फूट अकरा. १९९४ मध्ये २१७ वा निवडला गेला. एनएचएलमध्ये नियमित जागा मिळेपर्यंत तिशी उलटली, मधली वर्षं फिनलंडसारख्या परदेशातल्या लीगांमध्ये गेली. मग २००९ आणि २०११ ला सर्वोत्तम गोलीचा व्हेझिना पुरस्कार, २०११ ला बोस्टनला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, त्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही तोच, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. युसे सारोस, पाच फूट अकरा, नॅशव्हिलचा. ९९ वा निवडलेला, २०२२ मध्ये व्हेझिनाच्या शेवटच्या तिघांत. आणि वुल्फ. ज्या थोड्यांना आत सोडलं ते असे पहिल्या रांगेत जाऊन बसतात, कारण सामान्य दर्जाच्या बुटक्याला आत सोडतच नाहीत. सामान्य दर्जाचा उंच मात्र आरामात दहा वर्षं नोकरी करतो. उंचीचा उंबरठा योग्य जागी असता तर हे दोन गट सारखे दिसले असते. ते दिसत नाहीत, म्हणजे उंबरठा चुकीच्या जागी आहे.

वुल्फचं नाव घेण्याआधी रांगेत मी आणखी एक गोष्ट म्हणाले होते. ते गृहस्थ गावसकरांचे निस्सीम भक्त आहेत. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या ७७४ धावा ते डावागणिक सांगू शकतात. पाच फूट पाच इंचांचा माणूस त्या गोलंदाजीसमोर चालतो तर मग? त्यांचं उत्तर चोख होतं: "फलंदाजाला स्टंप अंगानं झाकायचे नसतात. गोलीला जाळं झाकायचं असतं." आक्षेप प्रामाणिक आहे, आणि सगळ्या वादाची गाठ तिथेच आहे.

गोलची चौकट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, म्हणजे चोवीस चौरस फूट. पण गोलीला चोवीस चौरस फूट झाकावेच लागतात असं नाही. आमच्या आजोळी दिवे गेले की आम्ही कंदिलासमोर हात धरून भिंतीवर सावल्या पाडायचो. हात भिंतीला टेकवला तर सावली हाताएवढीच. तोच हात कंदिलाकडे नेला की सावली वाढत वाढत सगळी भिंत व्यापते. पकच्या, म्हणजे हॉकीच्या रबरी चकतीच्या, जागी कंदील ठेवा, जाळ्याच्या जागी भिंत. पक तीस फुटांवर आहे आणि गोली गोलरेषेवरच उभा आहे, तर त्याला चोवीसच्या चोवीस चौरस फूट झाकायचे आहेत. तो फक्त तीन फूट पुढे आला, की पककडून चौकटीच्या कडांकडे जाणाऱ्या रेषा त्याच्या जागी ५.४ फूट रुंद आणि ३.६ फूट उंच एवढ्याच राहतात. गुणाकार साडेएकोणीसच्याही किंचित खाली येतो. तीन फूट सरकण्यानं जवळजवळ पाचवा हिस्सा जाळं नाहीसं झालं. आणि ३.६ फूट म्हणजे साधारण ४३ इंच. सहा फुटांचा माणूस अंगावर सगळं सामान चढवून गुडघ्यांवर बसला, की त्याचे खांदे साधारण तिथवर येतात. आडव्या दांडीखालची जी जागा बुटक्याला कधीच झाकता येणार नाही म्हणतात, ती अशी झाकली जाते.

यावर कोणीही विचारेल की उंच गोली तीन फूट पुढे येऊ शकत नाही का? येऊ शकतो. पण पुढे येण्याची किंमत असते. समोरच्यानं फटका न मारता आडवा पास दिला, तर जो जितका पुढे आलेला, त्याला तितकं लांब सरकावं लागतं. उंच गोलीला ती किंमत टाळता येते. तो आत, रेषेजवळ राहतो आणि अंगाच्या भरवशावर थांबतो. बुटक्याला टाळता येत नाही, म्हणून त्याला स्केटिंग यावंच लागतं: पातं बर्फात रोवून एका रेट्यात एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाणं, थांबणं, आणि थांबताक्षणी खांदे पककडे वळलेले असणं. वुल्फला काचेमागून पाहिलं तर पहिली गोष्ट जाणवते ती ही की तो धडपडत नाही. पास पोचायच्या आधी तो तिथे असतो. त्याच्या सेव्ह बघायला फार नेत्रदीपक नसतात, पक येऊन छातीवर आदळतो. उडी मारणारा, हातपाय फेकणारा बुटका गोली ज्यांना बघायचा असतो त्यांची निराशा होते.

म्हणून बुटक्या गोलींच्या चाहत्यांशीही माझं भांडण आहे. "एवढासा, पण काय जिगर!" "मूर्ती लहान, पण कीर्ती महान!" हे कौतुक मला उंचीवाल्यांच्या नकाराइतकंच खटकतं. त्यात हजारो पहाटे शिकलेलं कसब खोडून त्या जागी काळीज लिहिलं जातं. जिगर तर सगळ्यांकडेच असते. ताशी दीडशे किलोमीटर वेगानं येणाऱ्या कडक रबराच्या चकतीसमोर जो स्वखुशीनं उभा राहतो, त्याची उंची किती का असेना.

उंचीचा फायदा असतोच. समोर गर्दी असताना उंच गोली माणसांच्या डोक्यांवरून पक बघतो, बुटक्याला कधी डावीकडून, कधी उजवीकडून डोकावावं लागतं. वाटेत कोणाच्या तरी काठीला लागून दिशा बदललेला पक उंच माणसाच्या अंगावर आपसूक आदळण्याची शक्यता जास्त. आणि गोलींची उंची वाढली ती कोणाच्या लहरीनं नाही. गुडघे टेकून पाय दोन्ही बाजूंना पसरायची बटरफ्लाय पद्धत सर्वत्र रुजली, त्यात खालचा भाग पॅडनं झाकला जातो आणि वरचा भाग धडाच्या लांबीवर राहतो. मग लीगनं सामान आखडलं. २००५ मध्ये पॅड बारा इंचांवरून अकरा इंच रुंदीचे झाले, २०१८ मध्ये छातीचं कवच आटोपशीर केलं. कवचातून गेलेली जागा हाडामासानं भरून काढावी असा विचार संघांनी केला. विनिपेगचा सहा फूट चार इंचांचा कॉनर हेलेबक आजच्या पिढीतला सर्वोत्तम गोली आहे असं मीही मानते. पण तोही १३० वा निवडलेला आहे! उंची असूनसुद्धा त्याच्यात काय आहे ते कोणाला वेळेवर दिसलं नाही. गोली ओळखणं ही कठीण गोष्ट आहे. कठीण गोष्ट टाळून टेपनं मोजता येईल ती गोष्ट मोजली, एवढंच झालं आहे.

जुन्या काळाचे दाखले देणाऱ्यांतली मी नाही. रॉय वर्टर्स पाच फूट तीन इंचांचा होता. १९२९ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी त्याला मिळाली, तो मान मिळवणारा पहिला गोली तोच. पण तेव्हाच्या काठ्या सरळ होत्या, फटके वेगळे होते, तो दाखला मी बाजूला ठेवते. कॅलगरीत राहणाऱ्याला इतकं मागे जायची गरजही नाही. माइक व्हर्नन याच शहरात जन्मला, पाच फूट नऊ इंच. १९८९ च्या प्लेऑफच्या पहिल्या फेरीत व्हँकुव्हरविरुद्धचा सातवा सामना जादा वेळेत गेला, तेव्हा एकटा धावत आलेल्या स्टॅन स्मिलचा पक त्यानं ग्लोव्हमध्ये पकडला. तो सुटला असता तर फ्लेम्सचा मोसम तिथेच संपला असता. त्या वर्षी फ्लेम्सनी त्यांचा आजवरचा एकमेव स्टॅन्ली कप जिंकला, अंतिम फेरीत समोर सहा फूट दोन इंचांचा पॅट्रिक रॉय होता. १९९७ मध्ये व्हर्ननने डेट्रॉइटकडून पुन्हा कप जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सॅडलडोमच्या छताला त्याचा तीस नंबर टांगला आहे. वुल्फ त्याखाली खेळतो.

राहता राहिला बुटके गोली फार काळ "टिकत नाहीत" हा आक्षेप. सारोस २०२१-२२ मध्ये ६७ सामने खेळला, पुढची दोन्ही वर्षं ६४-६४. जानेवारी २०२३ मध्ये कॅरोलायनाविरुद्ध एका रात्रीत त्यानं ६४ फटके अडवले, तो नॅशव्हिलचा विक्रम आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच्याशी आठ वर्षांचा करार झाला आणि लगेचचा मोसम फार वाईट गेला, सरासरी ०.९०० च्या खाली. लगेच उंची आठवली! अहो, २०२२ मध्ये व्हेझिनाच्या शेवटच्या तिघांत होता तेव्हाही तो पाच फूट अकराच होता. मधल्या तीन वर्षांत तो आखडला का? त्या मोसमात नॅशव्हिलचा सबंध संघच कोलमडला होता. सहा फूट पाच इंचांच्या गोलीचा मोसम वाईट गेला की आपण बचाव बघतो, दुखापत बघतो, कोन चुकले का ते बघतो. बुटक्याचा वाईट गेला की फक्त त्याच्या नावापुढचा उंचीचा आकडा वाचतो.

उंचीवर माझा खरा राग यासाठीच आहे. उंची हे कारण सांगितलं की पुढचं बघणं थांबतं, शिकवणं थांबतं. उंच मुलाला "उजवा पाय उशिरा येतो" असं सांगितलं जातं, आणि महिन्याभरात तो सुधारतो. बुटक्याला सांगतात "लहान आहेस". त्यानं त्याचं काय करायचं?

मुलगी आहे म्हणून तरी हे माप लागू नये असं मला वाटलं होतं. गोली एरिन फ्रँकेल पाच फूट पाच इंचांची आहे. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाकडून खेळताना २०२१ चा पॅटी काझमायर पुरस्कार तिला मिळाला, म्हणजे अमेरिकेच्या महाविद्यालयीन महिला हॉकीतली त्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू. आता ती बोस्टनकडून व्यावसायिक लीगमध्ये खेळते, अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात आहे. पण पुरुषांच्या लीगमधलं माप मुलींच्या तेरा वर्षांखालच्या निवडचाचणीपर्यंत जसंच्या तसं पोचलं आहे. मागच्या शरद ऋतूत चाचणीनंतर आम्हाला एक कागद मिळाला. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता: साइज. मी त्या प्रशिक्षकांना फोन केला, सुधारण्यासारखं काय आहे असं विचारलं. ते म्हणाले, "ती करते त्यात चूक काही नाही."

चूक होती. त्या चाचणीतले तिचे सगळे गोल मी फोनवर टिपले होते. घरी आल्यावर आम्ही दोघींनी ते जेवणाच्या टेबलावर पुन्हा पुन्हा पाहिले. डोक्यावरच्या कोपऱ्यात, उंची कमी म्हणून म्हणता येईल असा एक गेला होता. बाकी बहुतेक सगळे तिनं आधी अडवलेल्या पकवर झाले होते. पक पॅडला लागून सरळ समोर उडत होता, दुसऱ्याच्या काठीवर, आणि ती अजून उठायच्या आत परत येत होता. तिनं स्वतःच ते ओळखलं. "आई, मी कोपऱ्यात ढकलायला हवा होता." रिबाउंड. त्या रकान्यात हा शब्द असता तर तिचा एक महिना वाचला असता.

आता शनिवारी पहाटे पावणेसातला आम्हाला अर्धा रिंक मिळतो. मी स्केट घालून उभी राहते आणि बर्फालगत, तिच्या पॅडवर पक मारते, माझ्याच्यानं होतात तितके जोरात. पक समोर आला की ती स्वतःशी काहीतरी पुटपुटते. कोपऱ्यात गेला की काही बोलत नाही, नुसती काठी बर्फावर आपटते, दुसरा मागते. त्या गृहस्थांना निरोप धाडला आहे, एका शनिवारी या, काचेमागे उभे राहा. कॉफी मी आणीन.